सांध्यात दडलेली लढाई: ‘द बॅटल ऑफ द सॉम’ (1916) या मूकपटाचा प्रकरण अभ्यास

1 जुलै 1916, सकाळचे 7 वाजून 19 मिनिटं. उत्तर फ्रान्समधल्या बोमों-हामेल गावासमोर, ब्रिटिशांच्या खंदकात जेफ्री मॅलिन्स हा कॅमेरामन तिपाईवर कॅमेरा रोखून उभा आहे. समोर काही अंतरावर हॉथॉर्न रिज नावाचं टेकाड, आणि त्यावर जर्मनांचं भक्कम ठाणं. त्या ठाण्याच्या बुडाशी भुयार खणून इंग्रजांनी 40,000 पौंड, म्हणजे जवळपास 18 टन स्फोटक ठासलं आहे. 7 वाजून 20 मिनिटांनी ते उडवायचं ठरलंय. मॅलिन्सने हँडल आधीच फिरवायला घेतलं, सेकंदाला साधारण दोन फेरे. समोर काहीच हलत नाही. डब्यातलं रीळ मात्र सरत चाललंय. स्फोटाआधीच फिल्म संपली तर काय, या भीतीने हात थरथरायला लागला होता, असं त्याने पुढे आठवणींत लिहिलं. मग पायाखालची जमीन हादरली आणि समोरचं टेकाड आकाशात उसळलं.

तो काळा फुगारा आजही पडद्यावर पाहताना अंगावर काटा येतो. आवाज नाही, रंग नाही, तरी बघणारा खुर्चीत मागे सरकतो. पहिल्या महायुद्धाचं नाव निघालं की जी चार-पाच हलती चित्रं जगभर दाखवली जातात, त्यांत हे एक असतंच.

पण पडद्यावर न दिसणारी एक गोष्ट या स्फोटाला चिकटलेली आहे. सॉम नदीच्या परिसरातल्या या मोठ्या ब्रिटिश हल्ल्याची, म्हणजे सॉमच्या लढाईच्या सुरुवातीची, वेळ होती 7 वाजून 30 मिनिटं. सुरुंग उडाला त्याच्या दहा मिनिटं आधी. त्या दहा मिनिटांत वाचलेले जर्मन सैनिक सावध झाले, धावत येऊन खड्ड्याच्या काठावर बसले आणि त्यांनी मशीनगन लावल्या. इंग्रज सैनिक खंदकातून वर आले तेव्हा समोर मरण तयार होतं. बोमों-हामेलसमोरचा तो हल्ला सपशेल फसला. फिल्ममध्ये मात्र तोच स्फोट विजयाची नांदी होऊन बसला आहे.

देशभक्तीच्या मूकपटांनी प्रचार कसा केला, हे एकाच उदाहरणातून समजून घ्यायचं तर मी हीच फिल्म निवडेन. तिच्यात जे दिसतं ते बहुतेक सगळं खरं आहे, आणि तरीही ती प्रचार आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं शक्य झालं, हाच या प्रकरणातला खरा प्रश्न.

फिल्म निघाली कशी

युद्ध सुरू झालं 1914 च्या ऑगस्टमध्ये. सुरुवातीला ब्रिटिश युद्धखात्याला कॅमेरा आघाडीच्या आसपासही नको होता. युद्धमंत्री किचनर यांचा पत्रकारांवरच विश्वास नव्हता, तिथे सिनेमावाल्यांना कोण विचारतो? सिनेमा म्हणजे जत्रेतली करमणूक, साहेबलोकांनी नाक मुरडायची वस्तू. आपल्याकडे गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवून तेव्हा सव्वा वर्षच उलटलं होतं, आणि मुंबईतल्या प्रतिष्ठितांची या माध्यमाकडे बघण्याची नजर काही वेगळी नव्हती.

मग दोन बाजूंनी दबाव आला. चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली, वेलिंग्टन हाउस नावाच्या इमारतीतून ब्रिटनचं प्रचारखातं गुपचूप काम करत होतं. तटस्थ देशांना, विशेषतः अमेरिकेला, आपली बाजू दाखवायची तर चलच्चित्रं हवीत असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरीकडे सिनेमाच्या धंद्यातल्या कंपन्याही मागे लागल्या होत्या, कारण प्रेक्षकांना युद्ध बघायचं होतं. अखेर 1915 च्या शरद ऋतूत या कंपन्यांच्या समितीशी करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये दोन कॅमेरामन फ्रान्सला गेले. त्यातला एक मॅलिन्स. दुसरा आजारी पडून परतला आणि त्याच्या जागी ऐन लढाईच्या तोंडावर, जून 1916 च्या अखेरीस, जॉन मॅकडॉवेल आला. म्हणजे सॉमच्या पहिल्या दिवशी जवळपास 25 किलोमीटर लांबीच्या ब्रिटिश आघाडीवर दोन अधिकृत चलच्चित्र कॅमेरे होते. दोनच.

ही फिल्म तरुणांना भरतीला ओढण्यासाठी होती असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते पटत नाही. जानेवारी 1916 मध्येच ब्रिटनने सक्तीच्या भरतीचा कायदा केला होता, त्यामुळे माणसं मिळवायला सिनेमाची गरज उरली नव्हती. गरज होती ती घरी राहिलेल्यांची. तोफगोळ्यांच्या कारखान्यांत दिवसरात्र पाळ्या चालू होत्या, कामगारांना सणाच्या सुट्ट्या पुढे ढकलायला लावल्या होत्या, घराघरांत कुणाचा तरी मुलगा नाहीतर भाऊ फ्रान्समध्ये होता. ‘आपण जे सोसतोय त्याचं तिकडे काहीतरी होतंय’ हे त्या लोकांना दाखवायचं होतं. म्हणूनच फिल्मचा पहिला मोठा भाग गोळ्यांच्या राशींनी भरलेला आहे. गाड्यांतून उतरणारे गोळे, रचलेले गोळे, तोफेच्या तोंडात जाणारे गोळे. कारखान्यात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या बाईला तो माल ओळखीचा होता. तिच्या हातचं काम पडद्यावर शत्रूच्या दिशेने जाताना दिसत होतं.

आधी या चित्रणाचे छोटे छोटे तुकडे दाखवायचे असंच ठरलं होतं. जुलैच्या मध्यावर लंडनमध्ये कच्ची फिल्म बघितल्यावर मंडळींच्या लक्षात आलं की हातात काहीतरी वेगळंच आलंय, आणि सव्वा तासाची पाच रिळांची अखंड फिल्म करायचा निर्णय झाला. संकलनाला चार्ल्स अर्बन हा त्या काळचा मुरलेला निर्माता बसला, सोबत मॅलिन्स. 10 ऑगस्टला लंडनच्या स्काला थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवली आणि 21 ऑगस्टला ती एकट्या लंडनमध्ये 34 चित्रगृहांत लागली. लढाई तेव्हा चालूच होती. ज्या आघाडीवर माणसं अजून मरत होती, तिथलं चित्रण सात आठवड्यांत थेटरात. 1916 साली हे कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

उत्तरेतली सुरुवात, दक्षिणेतला शेवट

आता सांध्याकडे, म्हणजे दोन चित्रणं जिथे एकमेकांना जोडली त्या जागेकडे येतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचा जीव तिथेच आहे.

मॅलिन्स होता आघाडीच्या उत्तर टोकाकडे, 29 व्या डिव्हिजनबरोबर, बोमों-हामेलसमोर. मॅकडॉवेल होता दक्षिणेत, 7 व्या डिव्हिजनबरोबर, फ्रिकूर आणि मामेट्स या गावांजवळ. 1 जुलैला या दोन ठिकाणी दोन वेगळ्या लढाया झाल्या. उत्तरेत कत्तल झाली. मॅलिन्स ज्या डिव्हिजनबरोबर होता, तिच्यातच न्यूफाउंडलंडची एक पलटण होती. सकाळी सव्वानऊच्या सुमाराला त्यांचे सुमारे 800 जण पुढे निघाले, अर्ध्या तासात सगळं संपलं, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला 68 जण उभे राहिले. त्याच्याही उत्तरेला सेर गावासमोर ॲक्रिंग्टन या गिरणगावातल्या पोरांची पलटण होती. एका गल्लीतले, एका गिरणीतले मित्र एकत्र भरती झालेले. सुमारे 700 जणांतले 584 मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

दक्षिणेत मात्र मामेट्स त्याच दिवशी हाती आलं. नुकसान तिथेही भरपूर झालं, पण खंदक जिंकले, कैदी मिळाले, जिंकलेल्या जागेत मॅकडॉवेलला कॅमेरा नेता आला.

संकलनाच्या टेबलावर काय झालं बघा. तयारी, तोफांचा मारा, वाट बघणारे सैनिक, सुरुंगाचा स्फोट आणि हल्ल्याची सुरुवात हे बरंचसं मॅलिन्सचं, म्हणजे उत्तरेतलं. त्यानंतर येणारे जर्मन कैद्यांचे तांडे, उद्ध्वस्त झालेले जर्मन खंदक, जिंकलेली भूमी हे मुख्यतः मॅकडॉवेलचं, दक्षिणेतलं. सुरुवात एका लढाईची आणि शेवट दुसऱ्या लढाईचा. मधला सांधा इतका सफाईने घातला आहे की प्रेक्षकाला वाटतं, जे सैनिक निघताना पाहिले तेच जिंकून परत आले. उत्तरेत पुढे गेलेल्यांचं काय झालं, हा प्रश्न मनात उठायच्या आत कैदी दिसायला लागतात.

या सांध्यात एकही चित्र खोटं नाही. कैदी खरेच पकडले होते, स्फोट खराच झाला होता. दोन खरी चित्रं शेजारी ठेवली आणि त्यांच्यामध्ये एक न घडलेली गोष्ट उभी राहिली. मूकपटाला हे फार सोपं जातं. आवाज नसल्यामुळे जागा बदलली हे कानाला कळत नाही, आणि दृश्यांच्या मध्ये येणारी लेखी पाटी जे सांगेल ते डोळा मानून घेतो. हल्ल्याच्या वेळची पाटी सांगते की संपूर्ण आघाडीवर सैनिक खंदकावरून उड्या टाकून पुढे गेले. पुढे किती गेले ते ती सांगत नाही.

त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे 57,470 जण कामी आले, जखमी झाले किंवा हरवले. त्यांतले 19,240 मेले. ब्रिटिश लष्कराच्या इतिहासात इतका रक्तबंबाळ दुसरा दिवस नाही. हा आकडा फिल्ममध्ये नाही, आणि तेव्हा तो असणं शक्यही नव्हतं. पण आकडा नसण्यापेक्षा मला मोठी वाटते ती क्रमाची करामत. आकडा लपवला तर कधीतरी उघडकीला येतो. क्रम लपत नाही, तो डोळ्यांसमोर असतो, म्हणूनच त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

वीस सेकंदांची बनवाबनवी

फिल्मवर टीका होते ती दुसऱ्याच कारणासाठी. हल्ल्याच्या सुरुवातीला साधारण वीस सेकंदांचं एक दृश्य आहे. खंदकातून सैनिक वर चढतात, एक जण तिथेच कोसळतो आणि घसरत खाली येतो, बाकीचे धुक्यात काटेरी तारांकडे चालत जातात, त्यांतले एक-दोन पडतात. सॉमची आठवण म्हणून हेच दृश्य सगळ्यांना ठाऊक आहे. यातली स्थिरचित्रं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापली गेली आणि नंतर कितीतरी वर्षं पुस्तकांत ‘सॉमचा हल्ला’ म्हणून येत राहिली.

ते दृश्य रचलेलं आहे. आघाडीपासून दूर, सँ-पोलजवळच्या लष्करी प्रशिक्षण तळावर ते घेतलं असावं, असा लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधल्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. लक्ष देऊन पाहिलं तर खुणा सापडतात. हल्ल्याला निघालेल्या सैनिकाच्या पाठीवर जे अवजड सामान असायला हवं, ते इथे नाही. खंदक उथळ आहे. कॅमेरा अशा उघड्या जागी उभा आहे की खऱ्या हल्ल्यात कॅमेरामन दोन मिनिटं जगला नसता. आणि तारांपाशी पडलेला एक ‘मेलेला’ सैनिक जरा वेळाने आरामात पाय पायावर टाकतो.

खऱ्या हल्ल्याची दृश्यंही फिल्ममध्ये आहेत. ती दुरून घेतलेली. समोरच्या उतारावर मुंग्यांएवढे ठिपके सरकताना दिसतात, काही थांबतात, आणि मग कुठला ठिपका माणूस आणि कुठला दगड ते कळेनासं होतं. मॅलिन्सच्या हातात तेव्हा जी भिंगं आणि जी फिल्म होती, त्यांत याहून जवळचं काही येणं शक्यच नव्हतं. त्या ठिपक्यांत थेटरातल्या कुणाला आपला मुलगा सापडला नसता. म्हणून ती वीस सेकंदं रचावी लागली.

संपूर्ण फिल्मच्या मानाने रचलेला भाग दीड मिनिटाच्या आसपास भरतो. त्या दीड मिनिटावरून अख्ख्या फिल्मला खोटं ठरवणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी दरवेळी वाद घातला आहे. बनावट दृश्य शोधून काढलं की माणसाला वाटतं, चला, प्रचार पकडला. त्या समाधानात उरलेली पंचाहत्तर मिनिटं तो निर्धास्तपणे खरी मानून बघतो. आणि प्रचाराचं सगळं काम त्या पंचाहत्तर मिनिटांत झालेलं असतं.

थेटरातल्या अंधारात

पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे 2 कोटी तिकिटं विकली गेली असा अंदाज मांडला जातो. तेव्हा ब्रिटनची लोकसंख्या साडेचार कोटींच्या आसपास. एवढ्या घरांतून माणसं उठून काय बघायला गेली होती? जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत मेलेल्यांच्या नावांच्या याद्या रकानेच्या रकाने छापून येत होत्या. तारवाला सायकलवरून गल्लीत शिरला की दारं घट्ट लागत. अशा दिवसांत पडद्यावर सैनिकांचे चेहरे दिसणार होते. लोक चेहरे बघायला गेले. कुणाला नवरा दिसला, कुणाला भाऊ दिसला, अशा बातम्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांत येत होत्या.

आणि चेहरे भरपूर आहेत. त्या काळी कॅमेरा ही नवलाई असल्यामुळे सैनिक जाता जाता थेट भिंगात बघतात. टोप्या हलवतात, दात काढून हसतात, शेजाऱ्याला कोपर मारून ‘बघ, बघ’ म्हणतात. खांद्यावर जखमी सोबत्याला घेऊन खंदकातून येणारा एक सैनिक आहे. तो कॅमेऱ्याकडे बघतो ते हसण्यासाठी नाही, नुसतं बघतो. पाटी सांगते की त्याने ज्याला वाचवून आणलं तो थोड्याच वेळात मेला.

प्रेतंही दाखवली आहेत. जर्मनांची तर आहेतच, इंग्रजांचीही आहेत, आणि हे त्या काळी धाडसाचं होतं. मॅकडॉवेलने घेतलेलं एक चित्र मला विसरता येत नाही. गवतात पडलेला सैनिक, आणि जवळच पडलेला एक कुत्रा. पाटीवरून कळतं की मँचेस्टरच्या पलटणीचा हा लाडका कुत्रा, डान्झिग अ‍ॅली नावाच्या खंदकावरच्या हल्ल्यात धन्याबरोबर पडला. कारखान्यातून दमून आलेल्या माणसाला शेकडो प्रेतांपेक्षा तो कुत्रा जास्त लागला असणार. पाटी लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

सरकारातल्या लोकांनाही हे बघून झोप लागली नसेल. लॉइड जॉर्ज तेव्हा नुकतेच युद्धमंत्री झाले होते. त्यांच्या सचिव फ्रान्सिस स्टीव्हन्सन यांचा भाऊ आदल्या वर्षी फ्रान्समध्ये मारला गेला होता. फिल्म जाहीरपणे लागण्याआधीच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्टीव्हन्सन यांनी ती पाहिली आणि डायरीत लिहिलं, त्याचा आशय असा: माझ्या भावाने काय सोसलं असेल याची मी किती वेळा कल्पना करून पाहिली होती, आता मला कळलं, आणि मी ते कधी विसरणार नाही. या एका नोंदीत फिल्मच्या यशाचं सगळं कारण आहे. फिल्मने दुःख झाकलं नाही. तिने दुःखाला एक जागा दिली, एक चित्र दिलं, आणि त्या चित्राच्या पुढे कैद्यांचे तांडे आणि विजय ठेवला. ज्याचं माणूस गेलं होतं त्याला ‘ते फुकट गेलं नाही’ हे डोळ्यांनी बघता आलं. रडू आलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही, तो स्वतःच मनाशी गाठ बांधतो.

10 ऑगस्टच्या खेळाला लॉइड जॉर्ज यांचं पत्र वाचून दाखवलं होतं. ही फिल्म बघणं आणि आपल्या शूरांची कृत्यं जगाच्या टोकापर्यंत पोचवणं हे तुमचं कर्तव्य आहे, असं त्यांनी बजावलं होतं. पुढे राजे पंचम जॉर्ज यांनी ती विंडसरला पाहिली आणि जनतेने ही चित्रं पाहावीत असं सांगितलं. मूकपट असला तरी थेटर मूक नसायचं. पडद्याखाली पियानो किंवा वाद्यवृंद असे, आणि कुठल्या दृश्याला काय वाजवावं याची यादी सिनेमाधंद्याच्या एका साप्ताहिकाने फिल्म लागण्याआधीच छापली होती.

विरोध कुणी केला

सगळ्यांनी मान डोलावली असं मात्र नाही. लंडनमधल्या एका थेटरवाल्याने बाहेर फलक लावला की आम्ही ही फिल्म दाखवणार नाही, हे करमणुकीचं ठिकाण आहे, भयकथांची कोठडी नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला डरहॅम कॅथीड्रलचे डीन हेन्सली हेन्सन यांचं पत्र ‘द टाइम्स’मध्ये आलं. मरणाची चित्रं बघायला लोक तिकीट काढून गर्दी करतात, यातून काळजाला जखम होते आणि शोकाचं पावित्र्य भंगतं, असा त्यांचा आक्षेप होता. त्याला लगेच उत्तरं आली, आणि ज्यांची स्वतःची माणसं गेली होती अशांनीच फिल्मची बाजू घेतली.

मला हेन्सन यांच्या आक्षेपात तथ्य वाटतं, पण त्यांनी बोट दुसरीकडे ठेवलं. प्रेतं दाखवणं हा प्रश्न नव्हता. ती कुणाच्या कारणी लावली हा होता. तो प्रश्न 1916 च्या इंग्लंडमध्ये उघडपणे विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

सगळ्यात मार्मिक शेरा आला तो सैनिकाकडून. सप्टेंबर 1916 मध्ये आघाडीच्या मागे, चिखलातल्या उघड्या मैदानात पडदा लावून ही फिल्म सैनिकांनाच दाखवली. रोलंड फील्डिंग नावाच्या अधिकाऱ्याने त्याबद्दल बायकोला पत्र लिहिलं. फिल्म खरोखर अप्रतिम आहे, असं त्याने म्हटलं. पण लढाई निःशब्द चालते आणि लढाईतला सर्वांत वाईट भाग, मशीनगन आणि रायफलींचा मारा, तोच त्यात मुळीच नाही, हे त्याला खटकलं. तोफेचा गोळा पडद्यावर दिसतो, धूर दिसतो, माती उडते. मशीनगनची गोळी दिसत नाही. ती फक्त ऐकू येते, आणि मूकपटात ऐकू काहीच येत नाही. 1 जुलैला जी माणसं पडली त्यांतली फार मोठी संख्या मशीनगनने पाडलेली. म्हणजे ज्या हत्याराने त्या दिवशी इंग्रज सैन्य कापून काढलं, त्या हत्याराला या माध्यमात जागाच नव्हती. ही उणीव कुणी मुद्दाम ठेवलेली नाही, पण प्रचाराच्या पथ्यावर ती अचूक पडली. पडद्यावर गोळे सुटतात ते बहुतेक सगळे इंग्रजांचे.

नंतर

सॉमची लढाई 18 नोव्हेंबरला थांबली. ब्रिटिश साम्राज्याची हानी सव्वाचार लाखांच्या जवळ गेली आणि आघाडी दहा किलोमीटरच्या आसपास सरकली.

फिल्मचं यश बघून जर्मनांनी जानेवारी 1917 मध्ये आपली सॉमवरची फिल्म आणली. तिच्यातला मोठा भाग तळावर रचून घेतलेला होता आणि तिचा तसा प्रभाव पडला नाही. पण जर्मन सेनाधिकाऱ्यांना सिनेमाची ताकद पटली, सरकारी चित्र आणि फिल्म कार्यालय उभं राहिलं, आणि डिसेंबर 1917 मध्ये उफा ही बलाढ्य चित्रपट कंपनी स्थापन झाली. ब्रिटिशांनी त्याच धर्तीवर आणखी दोन मोठ्या फिल्म काढल्या. जानेवारी 1917 ची फिल्म रणगाड्यांमुळे चालली, कारण लोकांनी ते यंत्र कधी पाहिलं नव्हतं. जूनमधल्या आरासच्या लढाईच्या फिल्मला गर्दी रोडावली. तेच खंदक, त्याच तोफा, तेच हसणारे चेहरे, आणि युद्ध काही संपत नव्हतं. मग लांब फिल्म सोडून छोट्या वार्तापटांचा रस्ता धरला गेला.

इथे एक गोष्ट नोंदवल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. सॉमच्या दोनच महिने आधी, 29 एप्रिल 1916 ला, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे ब्रिटिशांच्या हिंदी फौजेने शरणागती पत्करली होती. ती फौज होती 6 वी, म्हणजे पूना डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं वेढ्यात उपाशी राहिली आणि मग तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालवली गेली. त्यांच्यावर अशी फिल्म निघाली नाही. पराभवाची फिल्म कुणी काढत नाही. त्यांच्या आयांना मुलाचा हलता चेहरा कुठल्या पडद्यावर दिसला नाही. अनेक गावांच्या वाट्याला आली ती वेशीवरची इंग्रजीत कोरलेली दगडी पाटी: या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. आपल्याकडे सॉमच्या फिल्मविषयी बोलताना मला ती पाटी आठवते.

2005 साली युनेस्कोने या फिल्मला जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत घेतलं. वॉर म्युझियमने ती चौकट-चौकट स्वच्छ केली आहे. आधी धुरकट दिसणारे चेहरे आता लख्ख दिसतात, आणि ती सहज बघायला मिळते. ज्यांना वेळ असेल त्यांनी पार्श्वसंगीत बंद करून बघावी, आणि हल्ल्याच्या आधीचं एक दृश्य नीट बघावं.

बोमों-हामेलसमोर, दोन्ही सैन्यांच्या मधल्या जागेत, खोल गेलेली एक गाडीवाट आहे. पहाटे लँकेशायर फ्युजिलिअर्सच्या पहिल्या पलटणीचे सैनिक भुयारी वाटेने तिथे येऊन बसले होते. हल्ल्याला जेमतेम तास उरला होता. मॅलिन्स तिथे पोचला आणि त्याने कॅमेरा त्यांच्यावरून फिरवला. बंदुकांना संगिनी लावलेल्या. काही जण कॅमेऱ्याकडे बघून उगाच हसतात. एक जण बोलता बोलता थांबतो. एक जण भिंगाकडे बघतो, नजर काढून घेतो, आणि परत बघतो. पुढे बांधावर चढून ते निघाले तेव्हा समोरच्या मशीनगनने त्यांना काही मिनिटांतच झोपवलं. मॅलिन्स त्याआधीच सुरुंगाच्या स्फोटासाठी तिपाई लावायला मागे निघून गेला होता.

ती वाट अजून तशीच आहे, दोन्ही बाजूंना झाडोरा वाढलेली. फिल्ममध्ये त्या माणसांवर कॅमेरा थोडेच क्षण थांबतो, मग सांधा येतो, आणि ते परत कुठे दिसत नाहीत.